जंतूंची कात्री आणि रक्तातले एक अक्षर



देहूरोडहून एका वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. ते चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतात. पत्नीचे माहेर नागपूरकडचे. मुलीचे लग्न जमले होते. मुलाकडच्यांनी रक्त तपासायला सांगितले, रिपोर्टवर 'ए.एस.' अशी दोन अक्षरे आली आणि बोलणी मोडली. मुलगी धडधाकट आहे, नोकरी करते, आजवर साध्या तापापलीकडे तिला काही झालेले नाही. आपल्या सदरासाठी त्यांनी दोन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पुण्यातली कंपनी जंतूंच्या कात्रीने सिकलसेल बरा करणार असे त्यांनी वाचले, तर ही कात्री म्हणजे नेमके काय? आणि ती येईपर्यंत मुलीने लग्नासाठी थांबावे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे, थांबू नये. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाला मात्र सदराची बरीच जागा द्यावी लागणार आहे. कात्री काय ओळखते आणि कशी कापते हे नीट कळले नाही, तर तिच्याविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी अशी पाळी येते.

ही कात्री माणसाने बनवलेली नाही. ती जंतूंची आहे, आणि माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून ते ती वापरत आले आहेत. आपल्याला वाटते की जंतू आपल्याला आजारी पाडतात, जंतूंना कोण आजारी पाडणार? पण त्यांनाही विषाणू होतात. देहूजवळच्या इंद्रायणीचे चमचाभर पाणी घेतले, तर त्यात लाखो जंतू असतील आणि जंतूंवर जगणारे विषाणू त्याहून जास्त असतील. यांना फेज म्हणतात. १८९६ साली हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाला आग्र्याला असे दिसले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उकळले की मात्र तो गुण जातो. त्याला कारण कळले नाही. नदीच्या पवित्रतेवर बोलणाऱ्यांना ते सोयीचेच झाले. पुढे १९१७ मध्ये द'हेरेल या शास्त्रज्ञाने जंतू खाणाऱ्या विषाणूंना फेज हे नाव दिले. सांडपाण्यातही फेज भरपूर सापडतात, कारण जिथे जंतू जास्त तिथे तेही जास्त. त्याचा पावित्र्याशी काही संबंध नाही.

फेज जंतूच्या अंगावर चिकटतो आणि सुईने टोचावे तसा आपला डी.एन.ए. आत सोडतो. डी.एन.ए. म्हणजे सजीवाचा लेखी आराखडा. तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. ही अक्षरे दोन पदरी साखळीत समोरासमोर बसतात, ए समोर टी आणि जी समोर सी. दुसरी जोडी जमत नाही. एवढा एक नियम ध्यानात ठेवला तरी पुढचे सगळे कळते. फेजचा आराखडा आत शिरला की जंतूची सगळी यंत्रणा त्याच्या ताब्यात जाते. तिथे फेजच्याच नकला निघू लागतात आणि अर्ध्या तासात जंतू फुटून शे-दीडशे नवे फेज बाहेर पडतात.

बहुतेक जंतू असेच मरतात. पण एखादा वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी काहीजण शत्रूची नोंद ठेवतात.

ही नोंदवही प्रथम जपानमध्ये दिसली. १९८७ साली ओसाकाच्या इशिनो आणि सहकाऱ्यांनी आतड्यातल्या एका जंतूचा डी.एन.ए. वाचला. त्यात एकच मजकूर थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा आलेला होता आणि मधल्या जागांत दरवेळी वेगळा मजकूर होता. त्याचा अर्थ तेव्हा कोणाला लागला नाही. स्पेनमधले फ्रान्सिस्को मोहिका मिठागरांच्या खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव तपासत होते. त्यांनाही तोच प्रकार दिसला आणि त्यांनी तो वर्षानुवर्षे सोडला नाही. शेवटी त्यांना उलगडले की मधल्या जागांतला मजकूर फेजच्या डी.एन.ए.शी जुळतो. म्हणजे जंतूने शत्रूचे तुकडे आपल्या घरात जपून ठेवले होते! मोठमोठ्या नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला. तो २००५ मध्ये छापून आला. या मांडणीला आता क्रिस्पर म्हणतात. हे एका लांबलचक इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे आणि ते पाठ करण्याचे काही कारण नाही.

पुरावा मिळाला तो दह्याच्या धंद्यात. दही, योगर्ट, चीज तयार करणाऱ्या कारखान्यांत विरजणाच्या जंतूंना फेज लागले की टाक्याच्या टाक्या फुकट जातात. डॅनिस्को या विरजण बनवणाऱ्या कंपनीतले बॅरांगू, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरजणाच्या जंतूंवर मुद्दाम फेज सोडले. जे थोडे जंतू वाचले त्यांची नोंदवही उघडून पाहिली, तर त्यात त्याच फेजचा तुकडा नव्याने चिकटवलेला. तो तुकडा काढून टाकला की जंतू पुन्हा मरू लागे, आणि नवख्या जंतूच्या वहीत घातला की तो वाचे. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. जंतूलाही पूर्वीचा शत्रू आठवतो आणि ही आठवण तो आपल्या पिलावळीला वारसा म्हणून देतो, हे त्या दिवशी पक्के झाले. एक गंमत सांगतो. नवा तुकडा नेहमी वहीच्या एकाच टोकाला लागतो. त्यामुळे कोणता शत्रू आधी आला आणि कोणता नंतर, तेही त्या वहीत वाचता येते. सोसायटीच्या गेटवरचे रजिस्टर इतके व्यवस्थित क्वचितच सापडेल.

आता मुख्य गोष्ट, ओळखणे आणि कापणे. पत्रलेखक प्रेसवर काम करतात, म्हणून त्यांच्याच कामाच्या भाषेत सांगतो.

कारखान्यात मूळ ड्रॉइंग ऑफिसात राहते आणि त्याची झेरॉक्स मशीनवर येते. जंतूही मूळ नोंदवही जागेवर ठेवतो आणि तिच्यातल्या एकेका नोंदीची नक्कल काढतो. ही नक्कल आर.एन.ए. नावाच्या एकपदरी धाग्याची असते. तिला मार्गदर्शक धागा म्हणू. हा धागा कॅस नावाच्या एका प्रथिनात जाऊन बसतो. कॅसचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत गाजलेला कॅस-९ हा घसा सुजवणाऱ्या एका जंतूचा आहे. हाच जंतू लहान मुलांच्या सांध्यांना आणि पुढे हृदयाच्या झडपांना त्रास देतो. अशा जंतूच्या पोटात एवढे कामाचे हत्यार असेल असे कोणाला वाटले असते?

प्रथिन म्हणजे प्रेस आणि धागा म्हणजे गेज. पण जंतूच्या आत लाखो अक्षरांचा डी.एन.ए. असतो. सगळीकडे धागा लावून पाहत बसले तर फेज काम उरकून जाईल. म्हणून कॅस-९ आधी एक छोटी खूण शोधते : कोणतेही एक अक्षर आणि त्यापुढे लागोपाठ दोन 'जी'. ही खूण दिसली नाही, तर तिथला मजकूर हुबेहूब जुळणारा असला तरी कॅस-९ तिथे थांबत नाही. डायमध्ये लोकेटिंग पिन बसल्याशिवाय जॉब पुढे जात नाही, तसे हे आहे. खूण सापडली की प्रथिन तिथे डी.एन.ए.चे दोन पदर उकलते आणि खुणेला लागून असलेल्या अक्षरापासून एकेक अक्षर मार्गदर्शक धाग्याशी जुळवत जाते. सुरुवातीच्या दहा-बारा अक्षरांत फरक निघाला तर पकड सुटते. वीसच्या वीस जुळली तर प्रथिनाचा आकार बदलतो, आत दडलेली दोन पाती पुढे येतात आणि खुणेपासून तीन अक्षरांवर दोन्ही पदर एकदम कापले जातात. फेजचा आराखडा तुटला की त्याचा खेळ संपतो.

वीस अक्षरे पुरतात का, अशी शंका येईल. चार अक्षरांच्या वीस जागांत एक लाख कोटींहून जास्त वेगवेगळे मजकूर बसतात. माणसाचा अख्खा आराखडा सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. तेव्हा वीस अक्षरांचा पत्ता हिशोबाने पुरेसा होतो.

याहूनही विचार करण्याजोगा प्रश्न पुढचा आहे. जंतूच्या स्वतःच्या वहीत शत्रूचा तोच मजकूर चिकटवलेला आहे. मग कात्री स्वतःचीच वही का कापत नाही? याचे उत्तर त्या छोट्या खुणेत आहे. शत्रूकडून तुकडा उचलताना जंतू त्याच्या शेजारची खूण घेत नाही. शत्रूच्या डी.एन.ए.त मजकूर आणि खूण दोन्ही असतात, वहीत नुसता मजकूर. कात्रीला दोन्ही लागतात. प्रेसला दोन बटणे का असतात हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक खाली येऊ नये आणि कामगाराचा हात डायमध्ये सापडू नये म्हणून. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायला लावणारे सुपरवायझरही असतात, आणि त्यापायी बोटे गेलेली माणसे या पट्ट्यात थोडी नाहीत. जंतूने मात्र दुसरे बटण कधी बांधून ठेवलेले नाही.

फेजही गप्प बसत नाहीत. खुणेतले किंवा तिच्या लगतच्या भागातले एखादे अक्षर बदलले की कात्रीची ओळख चुकते, आणि असे बदललेले फेज जगतात व वाढतात. काही फेजांकडे तर कात्रीलाच जाम करणारे प्रथिन आहे. ते २०१३ मध्ये उघडकीला आले. ही चढाओढ न थांबता चालू आहे. म्हणूनच सगळ्या जंतूंकडे ही यंत्रणा आढळत नाही. आजवर वाचलेल्या जीवाणूंपैकी साधारण चाळीस टक्क्यांकडे आहे.

२०१२ साली एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोघींनी दाखवून दिले की मार्गदर्शक धागा माणसाने हवा तसा लिहावा आणि कॅस-९ने त्या पत्त्यावर जाऊन कापावे, हे परीक्षानळीत होऊ शकते. लिथुआनियाचे शिक्शनिस यांनीही जवळपास त्याच काळात हे केले होते. २०२०चे रसायनशास्त्राचे नोबेल शार्पेंतिए आणि डाउडना यांना मिळाले. विज्ञानाचे नोबेल दोन स्त्रियांनीच मिळून घेतल्याची ती पहिलीच वेळ. आपल्या मुलींना ही दोन नावे सांगावीत. उच्चार अवघड असले तरी चालेल.

आता रक्ताकडे वळू.

रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. त्याची एक साखळी कशी बांधायची याची सूचना आपल्या अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. त्या सूचनेत एका ठिकाणी जी-ए-जी अशी तीन अक्षरे हवीत. सिकलसेलमध्ये तिथे जी-टी-जी असते. तीनशे कोटींत एका अक्षराचा फरक! पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या बनतात, गोल मऊ रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते आणि बारीक नसांत अडकते. मग हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात, प्लीहा निकामी होते, रक्त कमी पडते. हे दुखणे बाहेरून दिसत नाही. म्हणून अशा मुलाला शाळेत आळशी आणि कामगाराला कामचुकार म्हटले जाते.

प्रत्येकाकडे या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक वडिलांची. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे ए.एस. त्याची प्रकृती सर्वसाधारण माणसासारखीच राहते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर एस.एस., म्हणजे रुग्ण.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतल्या लोकांत प्रथम नोंदला गेला. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या आढळाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. त्यात पूर्वाश्रमीच्या महार समाजात तो मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसले होते. धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढच्या तपासण्यांत गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात तो सापडला, आणि विदर्भातल्या तेली व कुणबी समाजांतही. आज नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची माणसे कामासाठी पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकणला येऊन राहिली आहेत. त्यांच्याबरोबर हे अक्षरही आले आहे. इकडच्या डॉक्टरांना मात्र सांधेदुखी घेऊन आलेल्या पोराच्या बाबतीत ते चटकन सुचत नाही. आईवडिलांनी आपले मूळ गाव सांगितले तर सुचते.

हे अक्षर इतके पसरले कसे? ज्या १९५४ साली २५ डिसेंबरला परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात तथागतांची मूर्ती स्थापन केली, त्याच साली अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतले आपले काम प्रसिद्ध केले. वाहकांना जीवघेणा मलेरिया कमी होतो, असे त्यांना आढळले होते. जिथे मलेरियाने पिढ्यानपिढ्या मुले मारली, तिथे वाहक मुले वाचली आणि अक्षर टिकले. जंगलाच्या कडेला, गावाबाहेर, पाणथळ जागी राहणे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात ते जास्त दिसावे यात नवल नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही ते आहे. ते जातीचे लक्षण असते तर ग्रीसमध्ये गेले नसते.

काही घरांत अजूनही बोलले जाते की पूर्वजन्मीचे काहीतरी असेल. अशा घरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला कर्मविषयक भाग पुन्हा काढून वाचावा. हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पूर्वकर्माच्या कल्पनेसमोर आनुवंशशास्त्र उभे केले आहे. मूल आपले गुण आईवडिलांकडून घेते असे विज्ञान सांगते, मग मागल्या जन्मीचे कर्म बाहेरून येऊन कुठे चिकटते, असा त्यांचा रोख आहे. डी.एन.ए.ची दुपदरी रचना कळून तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. एका अक्षराचा वारसा आपण आज डोळ्यांनी वाचू शकतो.

या अक्षरावर कात्री चालवायची म्हणजे काय करायचे? जंतूच्या घरात कापले की शत्रू मरतो आणि काम संपते. माणसाच्या पेशीत कापले की पेशी तो तुकडा घाईघाईने पुन्हा जोडते, आणि जोडताना अक्षरे इकडची तिकडे होतात. त्या घाईचाच उपयोग करून घेतला आहे. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होते. म्हणूनच सिकलसेलचे मूल पहिले सहा महिने ठणठणीत दिसते. ज्यांच्या रक्तात हे बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते, त्यांना त्रास कमी होतो. तेव्हा डॉक्टरांनी बिघडलेल्या अक्षराला हातच लावला नाही. बाळाचे हिमोग्लोबिन बंद करणारे जे बटण आहे, तिथे कात्री चालवून ते निकामी केले. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांत हा बदल करायचा, जहाल औषधाने अस्थिमज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या कृष्णवर्णीय महिलेवर २०१९ साली हा उपचार झाला. कॅसगेवी या नावाने तो ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. अमेरिकेत किंमत ठरली बावीस लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने अठरा कोटी रुपयांच्या वर.

अठरा कोटी! गडचिरोलीच्या शेतमजुराला हा आकडा लिहूनही दाखवता येणार नाही.

म्हणून दिल्लीच्या आय.जी.आय.बी. या सरकारी संस्थेचे काम महत्त्वाचे ठरते. तिथल्या देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने दुसऱ्या एका जंतूची कात्री घेतली. ती एका अक्षराचा फरकही सहसा चालवून घेत नाही. घसा सुजवणाऱ्या जंतूची कात्री खुणेपासून दूरच्या टोकाला एखाद-दुसरे अक्षर चुकले तरी कधी कधी कापून टाकते, आणि माणसाच्या शरीरात चुकीच्या जागी कापले जाणे हा या उपचारातला सर्वांत मोठा धोका आहे. दिल्लीच्या कात्रीचा हा काटेकोरपणा आधी सिकलसेल ओळखण्यासाठी वापरायचा विचार होता. कोरोना आल्यावर त्यावरून 'फेलुदा' नावाची तपासणी तयार झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली. फेलुदा हा सत्यजित राय यांच्या कथांतला गुप्तहेर, ओळख पटवण्यात पटाईत. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलवरील देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा केली. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला 'बिरसा १०१' म्हणतात. त्याच्या निर्मितीसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. पत्रलेखकांनी वाचली ती बातमी हीच.

घोषणा आणि दवाखान्यात मिळणारे औषध यांत अंतर असते. माणसांवरच्या चाचण्या, त्यांचे निष्कर्ष, मग परवानगी, मग किंमत, अशी ती वाट आहे. उपचार स्वस्त झाला तरी महिना-दीड महिना रुग्णालयात राहणे, जहाल औषधाचा त्रास, पुढे मूल होण्यात येऊ शकणारी अडचण हे सगळे त्यात आहेच. बिरसांचे नाव दिले आहे, तर तो आदिवासी पाड्यावर आणि आपल्या वस्तीत कोणत्या दराने पोचतो हे आपल्या संघटनांनी विचारत राहिले पाहिजे. नावाच्या पाटीवर खूश होण्याची सवय आपल्याला फार महागात पडली आहे.

आता मुलीने का थांबू नये ते सांगतो. हा उपचार एस.एस. रुग्णांसाठी आहे, आणि मुलगी ए.एस., म्हणजे वाहक आहे. तिला आजारच नाही, बरे काय करायचे? शिवाय हा बदल फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतो. अंडपेशींत किंवा वीर्यात तो पोचत नाही. उपचाराने बरा झालेला रुग्णसुद्धा मुलांना जुनेच अक्षर देतो. गर्भातच बदल करण्याचा उद्योग २०१८ साली चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने केला, जगभर धिक्कार झाला आणि त्याला तुरुंगात जावे लागले.

वाहकाचे लग्न हिमोग्लोबिनचा कोणताच दोष नसलेल्या जोडीदाराशी झाले तर एकही मूल रुग्ण होत नाही. फार तर काही मुले वाहक होतील. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण मोकळ्या मुलाची. हा हिशोब दरवेळी नव्याने लागतो. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. दोघे वाहक असतील आणि तरीही लग्न करायचे असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी होऊ शकते. तेव्हा बोलणी मोडणाऱ्यांनी आधी मुलाचे रक्त तपासले होते का, हे मला विचारावेसे वाटते. बहुतेक ठिकाणी तपासणी फक्त मुलीची होते. आपण पत्रिका जुळवणे सोडले, ते मुलीच्या रक्ताच्या रिपोर्टची नवी पत्रिका करण्यासाठी नव्हे.

लायनस पॉलिंग हे थोर रसायनशास्त्रज्ञ. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ साली दाखवणारे तेच. त्यांनी १९६८ मध्ये असे लिहिले की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर गोंदवून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला असेल. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना अशी सूचना ऐकून काय वाटेल हे पॉलिंगना ठाऊक असायचे कारण नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. रिपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ राहावा, आणि दोन कुटुंबांनी तो एकमेकांसमोर मोकळेपणाने ठेवावा. वस्तीत त्याची चर्चा होऊ नये.

घरात एस.एस. रुग्ण असेल तर कात्रीची वाट पाहत इलाज थांबवू नका. हायड्रॉक्सीयुरिया हे गोळीच्या रूपात मिळणारे औषध बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, तापाकडे दुर्लक्ष न करणे, लहान मुलांना सर्व लशी, या साध्या गोष्टींनी आयुष्य वाढते. भट्टीजवळचे काम अशा माणसाला घातक ठरते, कारण अंगातले पाणी कमी झाले की पेशी वाकड्या होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिच्यात सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती, पण भर आदिवासी जिल्ह्यांवर. पिंपरी-चिंचवडच्या चाळींत राहणारे विदर्भातले कुटुंब अशा यादीतून सहज सुटते. २५ डिसेंबरला देहूरोडला लोटणाऱ्या गर्दीत पुस्तकांच्या आणि मूर्तींच्या दुकानांशेजारी एक टेबल रक्त तपासणीचे लावता आले, तर मंडळांनी तेवढे मनावर घ्यावे.

तपासणीला जाताना नुसते 'रक्त तपासा' म्हणू नये, 'सिकलसेल तपासा' असे स्पष्ट सांगावे. आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती स्वस्त आहे आणि लगेच कळते, पण तिच्यातून एवढेच समजते की दोष आहे की नाही. वाहक की रुग्ण हे सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही पुढची तपासणी करून घ्यावी. ती मोठ्या सरकारी रुग्णालयात विचारावी. ए.ए., ए.एस. की एस.एस. हे त्या कागदावर येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट चुकीचा दिलासा देऊ शकते. आणि कोणाला नुकतेच रक्त चढवले असेल तर तीन महिने जाऊ द्यावेत, नाहीतर रक्त देणाऱ्याचे हिमोग्लोबिन रिपोर्टात उतरते.